भरल्या गाडीचं माप: मुलुंडहून डोंगराला एक प्रदक्षिणा

आपल्या उपनगरांच्या मधोमध जो मोठा डोंगर आहे, कान्हेरीच्या लेण्यांचा, त्याला गाडीतून पूर्ण वळसा घालता येतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मुलुंडहून दक्षिणेला निघायचं. कांजूरला वळून पवई, साकीनाका, अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, मग घोडबंदरच्या रस्त्याने ठाणे आणि परत मुलुंड. ह्या बाजूने गेलं की डोंगर सतत उजव्या हाताला राहतो, म्हणजे रीतसर प्रदक्षिणाच. आता मुलं हे एका सकाळीत करून येतात. आम्हाला दोन दिवस लागले. बहात्तर-त्र्याहत्तर सालचा माघ महिना असेल. त्या प्रवासाविषयी लिही असं मला दोघातिघांनी सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे. वाटेतल्या खुणा बदलल्यात, पण ज्यांना हा वळसा घालायचा आहे त्यांना उपयोग होईल.

जायचं ठरलं ते सासूबाईंच्या नवसामुळे. माझे धाकटे दीर प्रभाकर, मी त्यांना भाऊजी म्हणत असे, ते अकरा वर्षांचे असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते. तेव्हा आईंनी जोगेश्वरीच्या गुहेतल्या देवीला बोलून ठेवलं होतं, की हा उठला तर ह्याच्याच हाताने तुझ्या दारी येईन आणि ओटी भरीन. भाऊजी उठले, वाढले, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात फिटर झाले, पण ओटी राहिलीच. आईंचे गुडघे धरलेले, आणि 'ह्याच्या हाताने' म्हणजे काय ह्यावर घरात एकमत नव्हतं. शेवटी गाडी आली तेव्हा आई म्हणाल्या, आता ह्याने चालवत न्यावं, तोच अर्थ.

गाडी म्हणजे त्या वेळी टॅक्सी म्हणून धावायची तीच छोटी चार दारांची, पण सोळा वर्षं जुनी. ह्यांच्या कंपनीतले एक साहेब निवृत्त होऊन गावी जाताना जवळजवळ भंगाराच्या भावात देऊन गेले. आमचे हे भांडुपला हिशेबनीस. त्यांनी आणि भाऊजींनी मिळून घेतली. भाऊजींनी चार महिने रविवार-रविवार खपून इंजिन उभं केलं. इथवर सगळं ठीक. पण जुहूच्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्या भाऊजींनी पाहिल्या होत्या. शर्यतीच्या गाड्या जमिनीला चिकटून धावतात हे त्यांच्या डोक्यात बसलं. कुणाला न विचारता त्यांनी पुढच्या स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापला, मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांतला एकेक पाटा काढला आणि गाडी चांगली तीन बोटं खाली बसवली.

ह्यांनी विचारलं तेव्हा भाऊजी म्हणाले, आईला चढायला सोपं व्हावं म्हणून. आईंनी ते सगळ्या चाळीला सांगितलं. "माका चढूक सोपा जावा म्हणान केल्यान हा." चाळीतली मुलं मात्र गाडीला बदक म्हणत. चाळीच्या फाटकात गटारावरची फरशी जरा उंच होती, ती बदकाच्या पोटाला लागायची. म्हणून सगळ्यांनी आत बसायचं नाही, चालत फाटकाबाहेर जायचं आणि तिथे बसायचं, अशी आमच्याकडे रीत पडली.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळा प्रवास तिच्यावर उभा होता. साकीनाक्याला एक पत्र्याची शेड भाड्याने मिळत होती आणि भाऊजींना तिथे स्वतःचं काम सुरू करायचं होतं. शेडच्या मालकाला पक्की नोकरी असलेल्या माणसाची जामिनकीची सही हवी होती, तीही सोमवारपर्यंत. ती सही ह्यांची. ह्यांना शेड पसंत नव्हती. भांडुपला स्टोअरमध्ये क्लार्कची जागा होती, ह्यांनी भाऊजींसाठी शब्द टाकून ठेवला होता. बुधवारी जेवताना हे भाऊजींना म्हणाले, "ह्या तुझ्या बदकातून आईला सुखरूप फिरवून रविवारी घरी आण. आणलंस तर सही. नाहीतर सोमवारी डबा घेऊन माझ्याबरोबर भांडुपला." भाऊजी बरं म्हणाले आणि पुढची भाकरी मागायची विसरले.

शनिवारी पहाटे अंघोळी उरकून गाडीची पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, एक नारळ. मी डब्यात दशम्या, तिळाची चटणी, वाटलेल्या डाळीचा घट्ट झुणका घेतला. माघात दोन दिवस टिकतं, आणि बाहेरच्या खाण्यावर पैसे घालवायची आमची पद्धत नव्हती. बोरिवलीला वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण तारा, राहायच्या, मुक्काम त्यांच्याकडे. तिथे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आईंनी गावच्या तांदळाची अर्धी गोणी, दोन लाल भोपळे आणि आमसुलांची बरणी काढली. पुढे भाऊजींच्या शेजारी आई, मागे हे, मी आणि आमची सात वर्षांची नंदा. गोणी डिकीत. फाटकाबाहेर सगळी बसलो तेव्हा गाडीने अगदी बसकणच मारली. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, प्रभाकर, खाली उतरून बघ, चाकं आहेत ना.

कांजूरपर्यंत रस्ता मोकळा होता. पवईच्या रस्त्याला लागलो की तेव्हा दोन्ही बाजूंना झाडी आणि मध्ये जेमतेम दोन गाड्यांपुरतं डांबर. पण गाडीतून एक आवाज येत होता, जात्याची घरघर लांबून ऐकू यावी तसा. आणि भाऊजी स्टिअरिंग सारखं उजवीकडे धरून होते. सरळ रस्त्यावरसुद्धा. ह्यांनी एकदा विचारलं, आवाज कसला. भाऊजी म्हणाले, रस्ताच खडबडीत आहे.

पवईच्या तलावाशी थांबलो. हा थांबा आजही चुकवू नका. आता काठावर बसायला बाकं आहेत. तेव्हा फक्त दगड होते आणि पाण्यात म्हशी. आईंना पाणी दिलं, नंदाला दशमी दिली. आमच्याकडे असा रिवाज, की देवाला निघालेल्या गाडीच्या चाकाला प्रत्येक थांब्यावर हळदकुंकू लावायचं. भाऊजींनी चाकं पूर्ण वळवून गाडी लावली होती, त्यामुळे पुढच्या डाव्या चाकाची आतली बाजू बाहेर आली होती. मी कुंकू लावायला वाकले आणि तोल सावरायला हात टायरवर टेकवला.

बाहेरच्या बाजूला टायरची नक्षी चांगली जाड होती, जवळपास नव्यासारखी. आतल्या कडेला नक्षीच नव्हती. चार बोटांचा पट्टा साफ गुळगुळीत, आणि अगदी कडेशी आतलं कापड दोऱ्यादोऱ्यांनी दिसायला लागलेलं. मधल्या भागावरून हात आतून बाहेर फिरवला तर मऊ लागत होता आणि बाहेरून आत फिरवला की खवणीसारखा खसखसत होता. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण घरातल्या सगळ्यांच्या चपला मीच चांभाराकडे न्यायची. एका बाजूने झिजलेली चप्पल पाहिली की माणूस कसा चालतो ते कळतं. ही गाडी वाकडं चालत होती.

मी दुसऱ्या बाजूलाही जाऊन पाहिलं. तसंच, कापड तेवढं अजून दिसत नव्हतं. मग भाऊजींना पाणी द्यायच्या निमित्ताने बाजूला घेतलं आणि हात लावून बघायला सांगितलं. त्यांनी हात लावला आणि तसेच उकिडवे बसून राहिले.

"मी दोरी लावून बघितलं होतं, वहिनी," ते हळूच म्हणाले. "स्प्रिंग कापल्यावर चाकं फाकतात, ते ठाऊक होतं मला. फरशीवर गाडी ठेवून चारही चाकं दोरीत आणली. एका सुताचा फरक नव्हता. देवाशपथ."

दीड महिन्यापूर्वीचं ते काम. दीड महिन्यात टायर खलास कसे झाले, त्यांना समजेना. त्या काळात नवा टायर म्हणजे दुकानात जाऊन घ्यायची वस्तू नव्हती. नाव घालून वाट बघायची, नाहीतर जास्तीचे मोजायचे. पण ते टायरचं बोलत नव्हते. मी ह्यांना सांगू नये एवढंच मागत होते. निदान बोरिवलीपर्यंत, तिथे घोडबंदर रस्त्यावर दाऊदभाई म्हणून जुने मिस्त्री होते, त्यांच्याकडे गुपचूप करून घेतो म्हणाले.

मी म्हटलं, "मी आपणहून सांगणार नाही. पण ह्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि हळू चालवा, आईंना घेऊन निघालोय."

साकीनाक्याला भाऊजींनी ती शेड दाखवली. रस्त्याकडेलाच, गंजलेले पत्रे, दारात कुणीतरी लोखंडाचा चुरा ओतून ठेवलेला. आई म्हणाल्या, गोठ्यासारखी दिसते, बरकत असेल. हे खिडकीबाहेर बघत होते. तिथून अंधेरी-कुर्ला रस्ता. कारखान्यांची सुट्टी व्हायच्या आत तो पार करावा हे तेव्हाही खरं होतं, आताही खरं आहे. अंधेरीहून हायवेला लागलो. तो तेव्हा इतका रिकामा असे, की मधोमध एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती आणि कुणी भोंगा वाजवत नव्हतं.

जोगेश्वरीच्या गुहेला जायचं तर सकाळी दहाच्या आत पोचा. पायऱ्या खोल उतरतात आणि खाली ओल असते, म्हणून सोबत म्हातारं माणूस असेल तर काठी न्या. आत शिरल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग खांब दिसू लागतात, झिजलेले, मेणासारखे. मग लांबवर एक दिवा. ओटीचं सामान मी घरूनच नेलं होतं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. गुहेच्या तोंडाशी तेच दुपटीने विकत होते. भाऊजींनी आईंना जवळजवळ उचलूनच खाली नेलं. आईंनी ओटी भरली आणि देवीला मोठ्याने, शेजारणीशी बोलावं तसं सांगितलं, की हा बघ आणलाय, ह्यानेच आणलं, आता तुझं-माझं फिटलं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आईंना वाटलं नवसामुळे. मी मात्र मान खाली घालून देवीला म्हटलं, आई, आणलंयस तसं घरी पोचव, आणि माझ्यावरची नवऱ्यापासून लपवायची ही वेळ लवकर संपव.

गुहेतून वर आल्यावर ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. तुझं काय बिघडलंय, असं विचारलं. मी म्हटलं, डोकं जड झालंय, गुहेत हवा नाही. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तेवढं एक मला अजून टोचतं.

गोरेगाव, मालाड, कांदिवली करत बाराच्या सुमाराला बोरिवलीला पोचलो. वन्संनी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी केली होती. वरून आमचे भोपळे बघून म्हणाल्या, दादा, गाडीतून भोपळे आणलेस की भोपळ्यांतून गाडी. जेवण झाल्यावर हे आडवे झाले. भाऊजी म्हणाले, गाडीत हवा भरून येतो, आणि मला भाजी आणायला चला म्हणाले. मी पिशवी घेतली. मला त्यांना एकट्याला सोडवेना.

दाऊदभाई मूळचे राजापूरकडचे. साठीच्या पुढचे, चौकड्यांची लुंगी, कानावर पेन्सिल. शेड कसली, दोन वडांच्या मध्ये ताडपत्री आणि खाली मात्र मोजून-मापून घोटलेली सिमेंटची सपाट फरशी. बाकी काही नसलं तरी फरशी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भाऊजींनी सगळं सांगितलं, दीड वेढा कापल्याचंसुद्धा. दाऊदभाईंनी टायरवर हात फिरवला, अगदी मी फिरवला तसाच, आतून बाहेर, बाहेरून आत. मग मागच्या चाकांपासून पुढच्या चाकांपर्यंत दोन्ही बाजूंना दोरी ताणली आणि वाकून बघितलं.

दोरीत चाकं सरळ होती. भाऊजींनी केलेलं माप बिनचूक होतं.

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले, बघा, मी म्हटलं नव्हतं का, अशा चेहऱ्याने. दाऊदभाई खाली बसले, बिडी पेटवली आणि त्यांना विचारलं की गाडी कोण कोण वापरतं. भाऊजी म्हणाले, घरचेच. दाऊदभाईंनी माझ्याकडे वळून तेच विचारलं, "बाय, तुम्ही सांगा. दीड महिन्यात ही गाडी रिकामी किती वेळा धावली?"

मी आठवून बघितलं. पहिल्या रविवारी चाळीतल्या मुलांना फेरी, एकावर एक सात. मग गायतोंड्यांची सून माहेरहून आणायची होती, तिच्या ट्रंका. मग कुणाचा साखरपुडा, कुणाचं दवाखान्यात नेणं. भाऊजी कामावर जातानासुद्धा वर्कशॉपातले चार जण वाटेत चढायचे. आमच्याकडे जागा रिकामी ठेवून गाडी काढणं म्हणजे पंगतीत पान मांडून माणूस न बसवण्यासारखं होतं. मी म्हटलं, एकदासुद्धा नाही.

दाऊदभाई हसायला लागले. "म्हणजे ह्याने रिकाम्या गाडीचं माप घेतलं. आणि तुमच्या घरात रिकामी गाडी नाहीच."

मग समजावून सांगितलं. पूर्ण उंचीच्या स्प्रिंगवर चार माणसं बसली तर गाडी थोडी दबते, चाकं थोडी फाकतात, चालून जातं. इथे स्प्रिंग आधीच कापलेल्या. त्यावर सहा-सात माणसं बसली की गाडी खाली, चाकं वरून आत झुकलेली आणि पुढून फाकलेली, बदकाच्या पायांसारखी. टायर आतल्या कडेवर घासत जाणार. म्हणून माप घ्यायचं ते भरल्या गाडीचं.

भाऊजी उठलेच. घ्या ना मग, असं म्हणाले. दाऊदभाईंनी बिडी विझवली. "घेतो. माणसं आण. सकाळी जी बसली होती ती सगळी, जो जिथे बसला होता तिथेच. तुझी आई, तुझा दादा, पोर. आणि ती तांदळाची गोणी."

भाऊजी म्हणाले, दगड भरू, विटा भरू. दाऊदभाई म्हणाले, तुझ्या दादाचं वजन मला विटांत ठाऊक नाही.

बोरिवलीच्या रस्त्याने वन्संच्या घरी चालत परतलो. मी भाजी घ्यायची विसरले. भाऊजी पुढे पुढे चालत होते. त्यांना सोमवार दिसत होता, भांडुपचं स्टोअर, डबा. दारात आल्यावर म्हणाले, वहिनी, तुम्ही सांगाल का. मी नाही म्हटलं. कठोर वाटलं असेल, पण मी सांगितलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं.

हे उठून चहा घेत होते. भाऊजी समोर जाऊन उभे राहिले.

"दादा, पुढचे दोन्ही टायर गेलेत. गाडी खाली बसवल्यामुळे. ती आईसाठी नाही बसवली, मला हौस होती. सकाळी पवईपासून मला कळलंय आणि मी बोललो नाही. आता ती दुरुस्त होते, पण तू येऊन गाडीत बसल्याशिवाय होत नाही."

आई एका कोपऱ्यात जप करत होत्या, त्यांची माळ थांबली. हौस होती हे त्यांनी ऐकलं होतं. ह्यांनी बशीतला चहा संपवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, डोकं उतरलं का तुझं. मला वाटलं धरणी दुभंगावी. मी मान हलवली. ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला, आणि वन्संच्या दारातली तांदळाची गोणी स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालू लागले. मागून भाऊजींनी आईंना धरून आणलं.

तिथून पुढचा तासभर आम्ही जसे बसलो होतो तसं नंतर कधी कुठे बसलो नाही. आई पुढे, भाऊजी स्टिअरिंगवर, मागे हे, मी, मध्ये नंदा, डिकीत गोणी. भोपळे कापून झाले होते म्हणून त्यांच्या जागी वन्संचा वरवंटा. दाऊदभाईंनी पुन्हा दोरी ताणली आणि सांगितलं की आता हलायचं नाही. गाडी जागेवरच उभी आणि आम्ही प्रवासाला निघाल्यासारखे समोर बघत. येणारे-जाणारे थांबायला लागले. एक कोळीण पाटी उतरवून बघत बसली आणि विचारू लागली, फोटो काढतायत का गं तुमचा. नंदाला हसू येत होतं. तिने पोट धरलं की दोरी हलायची आणि दाऊदभाई ओरडायचे. आई म्हणाल्या, "गप रव गो, देवाचा काम चलला हा." पाच मिनिटांनी आईंनाच शिंक आली.

दोरी आता खरं बोलत होती. पुढची चाकं पुढून अडीच सूत, म्हणजे पाव इंचाहून जास्त, फाकलेली. भाऊजींना दाऊदभाईंनी उतरू दिलं नाही. त्यांच्या जागी बसायला दुसरं कोण होतं. म्हणून भाऊजी आत बसून फक्त ऐकत होते आणि गाडीखालून दाऊदभाईंचा आवाज येत होता. चाकांना जोडणारा दांडा असतो, टाय रॉड म्हणतात, तो ते एकेक आटा फिरवत आणि बाहेर येऊन मोजत. मध्येच म्हणाले, एवढी खाली गाडी सरळ राहणार नाही, स्प्रिंगखाली लोखंडी चकत्या घालून दोन बोटं वर घ्यावी लागेल, घालू का. हे समोर बघत राहिले. विचारलं होतं भाऊजींना. भाऊजी म्हणाले, घाला.

चकत्यांसाठी आम्हाला उतरवलं, मग पुन्हा सगळे आपापल्या जागी, पुन्हा दोरी. शेवटी टायर. दाऊदभाईंनी ते रिमवरून काढले. ज्याचं कापड दिसत होतं तो डावा स्टेपनीत टाकला, स्टेपनीचा टायर डाव्या चाकावर चढवला. उजव्याचं कापड अजून झाकलेलं होतं. तो उलटवून पुन्हा चढवला, आतली झिजलेली कड बाहेर आणि जाड कड आत. मला ते फार आवडलं. ह्यांच्या सदऱ्यांच्या कॉलर विरल्या की मी उसवून उलट्या शिवायची, आणखी वर्षभर जायच्या. तेच हे. फक्त कॉलरची विरलेली बाजू आत जाते, टायरची बाहेर आली. आता ती सगळ्या चाळीला दिसणार होती. भाऊजी त्या कडेकडे बघत होते तेव्हा दाऊदभाई म्हणाले, राहू दे, रोज सकाळी नजरेसमोर राहील.

आठ रुपये घेतले. मी दशम्या दिल्या, त्या त्यांनी पोरांसाठी बांधून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हेरी. खालून वरपर्यंत रस्ता जातो, पण तो चढ भरल्या गाडीने पहिल्या गियरमध्ये घ्यावा लागतो. पाणी सोबत ठेवा, वर माकडं आहेत, हातातलं ओढतात. लेण्यांत पावसाचं पाणी साठवायच्या कातळातल्या टाक्या आहेत, उन्हाळ्याच्या तोंडावरही भरलेल्या. आई पायरीवर बसल्या आणि आम्हाला फिरून या म्हणाल्या. परत आलो तर भाऊजी त्यांच्या पायाशी बसले होते आणि आई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत सांगत होत्या, की तुझी हौस होती तर होती, पण माझं नाव कशाला घेतलंस मेल्या, मी अख्ख्या चाळीत मिरवले.

दहिसर सोडून काशीमिऱ्याहून उजवीकडे वळलं, की घोडबंदरचा रस्ता. ह्या सगळ्या वळशातला सगळ्यात देखणा तुकडा तोच. उजवीकडे डोंगर अंगावर येतो, डावीकडे खाडी, मध्ये पळसाला कळ्या धरलेल्या. तेव्हा अर्धा अर्धा तास समोरून गाडी येत नसे. घरघर थांबली होती. हे मागून पुढे झुकले आणि म्हणाले, "प्रभ्या, जरा हात सोड बघू."

भाऊजींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले आणि मांडीवर ठेवले. मी करूनही बघू नका म्हणून सांगते, पण आम्ही केलं. पाच माणसांची गाडी, कुणी न धरता, डोंगर उजवीकडे ठेवून सरळ चालली होती. आईंनी डोळे मिटून घेतले होते. असं दहा-पंधरा खांब गेलो असू. मग वळण आलं आणि हे म्हणाले, बस, धर.

ठाण्याला पेढे घेतले. दुपारी चारच्या आत मुलुंड. फाटकाशी भाऊजींनी सवयीने गाडी थांबवली, उतरा म्हणाले. हे म्हणाले, बसा, आता उतरायचं नाही. गाडी फरशीवरून आत गेली, पोटाला काही लागलं नाही. चाळीतली मुलं धावत आली आणि सगळ्यांत आधी त्यांना तो उलटवलेला टायर दिसला. बदकाचं काय झालं, विचारू लागली. भाऊजींनी सांगून टाकलं, की चुकीचं माप घेतलं होतं.

सोमवारी सकाळी ह्यांनी कपाटातून पेन काढलं आणि शेडचा कागद मागितला. सही करताना भाऊजींना एवढंच म्हणाले, की गाडीने आणलं म्हणून करत नाही. परवा दुपारी मी चहा पिताना तू समोर येऊन उभा राहिलास, म्हणून करतो. तरी टायर तुझ्या कमाईतून.

शेड बावीस वर्षं चालली. साकीनाक्याच्या त्या ओळीत भाऊजींची एक खोड प्रसिद्ध होती. चाकं सरळ करायला कुणी गाडी आणली, की पहिला प्रश्न, घरात माणसं किती. मग त्याप्रमाणे सीटांवर वाळूची पोती ठेवायची आणि दोरी ताणायची. मोठाल्या गाड्यांचे मालक वैतागायचे, सीट खराब होते म्हणायचे. पोती मीच शिवून दिली होती, जाड तागाची, दुहेरी टाक्याने. रेल्वे स्टेशनातल्या वजनाच्या यंत्रावर आम्ही सगळ्यांनी वजनं करून घेतली आणि त्या मापाची, ज्याच्या त्याच्या नावाची पोती भरली. सगळ्यात जड पोतं म्हणजे दादा. हे कधी शेडवर गेले तर कामगार त्यांच्याकडे बघून हसू दाबायचे.

प्रवास म्हटला तर हा जेमतेम सत्तर-ऐंशी किलोमीटरचा. लांबलांबच्या यात्रा मी नंतर केल्या, देवाच्या कृपेने चार धामसुद्धा झालं. तरी गाडीतून जाणं म्हटलं की मला तो बोरिवलीचा तास आठवतो, आम्ही कुठेही न जाता बसलो होतो तो.

आई पुढे सहा वर्षांनी आजारी पडल्या. आजार लांबला. अंगावरचं मांस उतरत गेलं, भाऊजी त्यांना एका हातावर उचलून गाडीत ठेवायचे. त्या दिवसांत मी एकदा डबा घेऊन शेडवर गेले, तर भाऊजी आईंच्या मापाचं पोतं उसवून त्यातली वाळू ओंजळीने काढत बसले होते. असं त्यांनी आधीही एकदा केलं होतं म्हणे. मी म्हटलं, भाऊजी, गिऱ्हाइकाच्या गाडीला त्याने काय फरक पडतो.

"फरक पडत नाही," ते म्हणाले. "पण नाव आईचं आहे ना, वहिनी. माप खोटं नको."

मी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि पोत्याचं तोंड शिवून दिलं.